आत्याची बोटं

माझ्या आत्याची बोटं वाकायला लागली तेव्हा मी नववीत होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर वडिलांनी तिला नालासोपाऱ्याजवळच्या गास गावी आमच्या घरी आणलं. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे ती कुठून तरी परत आलेली आहे हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं. आमच्या वाडीत मोगरा होता. सकाळी खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात घेऊन ती ओटीवर बसायची आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्याने गजरे बांधायची. बोलता बोलता, बाहेर कोण चाललंय ते बघता बघता तिचे गजरे व्हायचे. हातांकडे तिची नजर जायचीच नाही.

एका सकाळी तिला गाठ मारता येईना. तिने दोरा टाकून दिला, हात चुलीवर शेकले, पुन्हा बसली. दुपार होईपर्यंत बोटं सुटली आणि त्या दिवशीचं काम झालं. पण मग ते रोजचंच झालं. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, वळली तर उघडायची नाही. बोटांच्या मुळाशी, जिथे मूठ वळल्यावर हाडांचे उंचवटे दिसतात तिथे, सूज आली. आईने निरगुडीचा पाला गरम करून बांधला. कुणी तेल सांगितलं, कुणी लेप. वर्षभरात चारही बोटं करंगळीच्या दिशेने कलायला लागली, वारा एकाच बाजूने लागलेल्या झाडासारखी.

आत्याला बोटं मोडायची सवय होती. गजरे संपले की ती एकेक बोट ओढायची, मग तळव्यात दाबायची, आणि टक टक आवाज यायचा. मी तिच्याकडे बघूनच शिकले होते. आई मला नेहमी दटावायची, की बोटं मोडू नयेत, घरात दळिद्र येतं. आत्याचा आजार सुरू झाल्यावर आईच्या दटावण्यातलं दळिद्र गेलं आणि त्या जागी आत्या आली. बघ तिच्याकडे, मोडून मोडून काय झालं ते, असं ती आत्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणायची. मी घाबरून ती सवय सोडली. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. अभ्यास करताना हात आपोआप तिकडे जायचे.

खरं कारण म्हणून गावात जे बोललं जायचं ते मात्र वेगळंच होतं, आणि ते मला बावखलावर कळलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या वाडीला एक असायचं. मी तिथे कपडे धुवायला गेले होते. शेजारच्या वाडीतली एक बाई दुसरीला सांगत होती, की ज्या बोटांनी हिने दिराचं वाटोळं केलं, त्या बोटांना देवाने सोडलं का? मला बघून ती गप्प झाली, आणि त्यामुळेच मला कळलं की हे आत्याबद्दल होतं.

मी घरी येऊन आईला विचारलं. आईने आधी टाळलं. मग भाजी चिरता चिरता, वर न बघता सांगितलं.

आत्याला पापडी गावाच्या बाजूला एका वाडीत दिलं होतं. नवरा थोरला, त्याच्या पाठचा एक दीर. दोघं भाऊ मिळून केळी आणि पानवेली करायचे. आत्याला मूल झालं नाही. लग्नाला काही वर्षं झाली तोच नवऱ्याला कावीळ झाली आणि तो गेला. तेराव्यानंतर दिराने सांगितलं, की वहिनी, आता तुम्ही भावाकडे जा, इथे तुमचं काय राहिलंय. आत्या म्हणाली, मी इथेच राहीन, वाडीत राबेन. दिराने तिची ट्रंक उचलून पडवीत आणून ठेवली. त्याची बायको, म्हणजे आत्याची धाकटी जाऊ, तेव्हा गरोदर होती. ती दारात उभी होती आणि काही बोलली नाही. आत्या ट्रंकेजवळ उभी राहिली, दिराकडे तोंड केलं, आणि सगळ्या लोकांसमोर तिने कडाकडा दहाही बोटं मोडली. मग तिला न्यायला आलेल्या माझ्या वडिलांबरोबर चालत निघाली.

पुढच्या वर्षी दीर बावखलावरचा पाण्याचा पंप सुरू करायला गेला. जमीन ओली होती, वायर कुठेतरी उघडी पडली होती. तो तिथेच गेला. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

आई म्हणाली, हे तू कुणाला बोलायचं नाहीस, आत्याला तर नाहीच. मी नाही बोलले. पण त्यानंतर आत्याच्या हातांकडे बघताना मला ती पडवी दिसायची, जी मी कधी बघितलीच नव्हती.

शेवटी वडील तिला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. बारावीच्या सुट्टीत तिच्याबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, हातापायांच्या लहान सांध्यांना धरणारा. गोळ्या दिल्या आणि खालच्या मजल्यावर व्यायामाला पाठवलं. तिथे एक बाई आत्याचे हात कोमट मेणात बुडवायची. मेणाचा थर हातमोज्यासारखा चढला की टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायची, आणि मग एकेक बोट हळूच हलवायची. आत्याचा चेहरा तेवढ्या वेळापुरता सैल व्हायचा. इतक्या वर्षांत तिचे हात दुसऱ्या कुणी हातात घेतलेले मी पाहिले नव्हते. मी फिजिओथेरपी शिकायची ठरवलं ते तिथल्या बाकावर बसून. घरी कुणाला तो शब्द नीट उच्चारता येत नव्हता. आत्या लोकांना सांगायची, पोरगी हातापायांची डॉक्टर होतेय.

पहिल्या वर्षी आम्हाला शरीररचना होती. देहदान केलेल्या एका माणसाचा हात आमच्या समोर टेबलावर ठेवला, त्वचा आधीच काढलेला. शिकवणाऱ्या मॅडम मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच आम्हाला उभं केलं आणि ज्याचा तो हात होता त्याला मनातल्या मनात नमस्कार करायला सांगितला. मग चिमट्याने एक पांढरी दोरी ओढली आणि त्या निर्जीव हाताचं मधलं बोट वाकलं. आमच्यातली एक मुलगी मागे सरली. मी सरले नाही. बोटांमध्ये त्यांना वाकवणारे मोठे स्नायू नसतात. ते वर, कोपराखाली असतात, आणि तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत येतात. म्हणजे आत्या गजरा बांधायची तेव्हा काम तिच्या कोपराखाली चालायचं.

मग मॅडमनी सांधा उघडून दाखवला. तळहातातल्या हाडाचं टोक गोल होतं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत आणि चमकणारं. त्यावर बोटाचं हाड उथळ वाटीसारखं बसलं होतं. दोन्ही हाडांच्या भोवती एक पिशवी असते, चारही बाजूंनी बंद. त्या पिशवीला आतून एक मऊ अस्तर असतं, आणि ते अस्तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट पाणी तयार करतं. हेच सांध्याचं वंगण. त्यात वायू विरघळलेला असतो, जसा सोड्याच्या बाटलीत असतो. बोट ओढलं की पिशवीतली जागा एकदम वाढते, आतला दाब घटतो, वायूचा बुडबुडा होतो आणि आवाज येतो. तो वायू पुन्हा पाण्यात विरघळेपर्यंत तेच बोट परत वाजत नाही. तेव्हा आमच्या पुस्तकात बुडबुडा फुटल्याचा आवाज असं होतं. नंतर कधीतरी वाचलं की बुडबुडा तयार होतानाच आवाज होतो असंही काही जण मानतात. काहीही असो, हाड हाडावर आपटत नाही आणि काही मोडतही नाही.

मी हात वर करून विचारलं, मॅडम, बोटं मोडल्याने संधिवात होतो का? त्या म्हणाल्या, तसा संबंध कुणाला दाखवता आलेला नाही. ज्या आजाराने बोटं वाकतात, त्यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच त्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, वाढतं, सांध्याभोवतीचे बंध सैल करतं, आणि मग दोऱ्या बोटांना एका बाजूला खेचून नेतात. ती यंत्रणा का उलटते ते अजून नक्की कुणाला सांगता येत नाही.

हे आत्याला सांगितलं पाहिजे असं मला त्या क्षणी वाटलं. रविवारी घरी कोंबडी होती. आई मागच्या दारी ती साफ करत होती. मी तिच्याकडून तंगडी मागून घेतली आणि आत्याला बोलावलं. सांधा कापून उघडला. आतलं हाडाचं टोक पांढरंशुभ्र होतं, बोटाला ओलं आणि निसरडं लागलं. मी आत्याला त्याला हात लावून बघायला सांगितलं. तिने वाकड्या बोटाचं टोक त्यावर फिरवलं. हे पाणी, ही पिशवी, हा आवाज, सगळं मी तिला समजावलं. तुझ्या बोटांना झालं ते मोडल्याने झालेलं नाही, असंही सांगितलं. आई हात थांबवून ऐकत होती.

आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मोडली नसती तरी झालं असतं?"

मी हो म्हणाले. ती उठली, हात धुतले आणि वाडीत निघून गेली. मला वाटलं होतं की तिला हलकं वाटेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

दुपारी ती मोगऱ्याच्या रांगेत निंदत बसली होती. खुरपं तिला धरता यायचं नाही, म्हणून नुसत्या हाताने तण उपटत होती. मी जाऊन शेजारी बसले. तण बाजूला टाकत ती म्हणाली, "तुला कोनी सांगितलं असेल."

मी मान हलवली.

"दिराच्या नावानं मोडली होती गं मी. एकदाच. पन मोडली होती."

मी तिला सांगितलं की वायर उघडी होती, जमीन ओली होती, त्याला बोटांचा काही संबंध नाही. ती म्हणाली, ते तिलाही ठाऊक आहे. अडाणी असली तरी वीज काय असते ते तिला कळतं. तिने हातांची माती झटकली.

"पन मोडली तेव्हा तो मरावा असं मनात होतं ना. आनि मेला. त्या पोरीनं बाप बघितला नाही."

मी तिच्याबरोबर तण उपटत राहिले. ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो.

पुढची काही वर्षं मी शिकत गेले आणि आत्याचे हात आणखी वाकत गेले. मी तिच्यासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून, त्यावर मऊ स्पंज लावून हाताला आधार बनवले. ते लावून ती निजायची. पितळी तांब्याची जागा दोन्ही हातांनी धरता येईल अशा हलक्या प्लास्टिकच्या मगने घेतली. तिच्या ब्लाऊजच्या हुकांच्या जागी आईने नाड्या लावल्या. गजरे बंद झाले. मोगराही कमी झाला, कारण आजूबाजूच्या वाड्या विकल्या जाऊन इमारती उठत होत्या. वडिलांनी आमची वाडी ठेवली, पण त्यात आता भाजी जास्त होती. मी नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे एक लहानसा दवाखाना काढला. नव्या इमारतींमधले लोक मान आणि कंबर धरून यायचे.

एका सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. हातात पत्रिकांची पिशवी. मी त्यांना ओळखलं नाही. आईने ओळखलं. तिने त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं. ही आत्याची धाकटी जाऊ होती. चोवीस-पंचवीस वर्षांत ती या घरी कधी आली नव्हती.

आत्या आतून आली आणि दाराशीच उभी राहिली. जाऊ उठली, वाकून तिच्या पाया पडली. मुलीचं लग्न ठरल्याचं तिने सांगितलं. पत्रिका पोस्टाने किंवा कुणाच्या हाती पाठवता आली असती, पण तिला स्वतः यायचं होतं. आत्याने बस म्हटलं. दोघी ओटीवर बसल्या. मग जाऊची नजर आत्याच्या हातांवर गेली आणि ती एकदम रडायला लागली. आईने मला आत जायची खूण केली. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

ती जे म्हणाली ते मी आजही तसंच सांगू शकते.

"ताई, तुम्ही एकदा मोडलीत. मी तुमच्या नावानं रोज मोडली. पोर मोठी होईपर्यंत रोज. दिवा लावला की बसायची आणि मोडायची. मग कळलं की तुमचे हात असे झालेत."

आत्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"माझे बघा," जाऊ म्हणाली आणि तिने आपले हात पुढे केले. कामाने राठ झालेले, पण सरळ. "मला काही झालं नाही. सगळं तुम्हाला लागलं. आता पोरीचं लग्न करायचंय आणि मला झोप लागत नाही."

मी बाहेर यायला निघाले होते. मला ठाऊक होतं ते मी सांगणार होते. पण आत्याच बोलली. एवढं मोठं ती कधी बोलायची नाही.

"तुझ्या मोडल्यानं नाही झालं," ती म्हणाली. "आत एक पिशवी असते. तिच्यात पानी असतं. पान्यात वारा असतो. तो वाजतो. दुसरं काही नाही. मी बघितलंय, हात लावून बघितलंय."

जाऊने विचारलं, "खरं?"

"आमच्या पोरीला विचार. ती शिकलीय."

मग मी बाहेर आले आणि खरं आहे म्हणून सांगितलं. कसा आजार असतो, कोणालाही कसा होऊ शकतो, ते सांगितलं. जाऊ माझ्याकडे बघत होती, पण ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. ती आत्याकडे वळून म्हणाली, त्या दिवशी मी दारात उभी होते, मी एक शब्द बोलायला हवा होता. आत्या म्हणाली, तू दोन जिवांची होतीस. एवढंच. दिराबद्दल दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. आईने चहा केला. जाऊने कप आत्याच्या तोंडाशी धरला आणि आत्याने धरू दिला, जरी ती मगने स्वतः प्यायची.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. आत्या आधी नको म्हणत होती. विधवेने आणि त्यातून असल्या हातांनी कशाला मिरवायचं, असं तिचं म्हणणं. पण हळदीच्या दिवशी जाऊने रिक्षा पाठवली. मांडवात काही म्हाताऱ्या बायका आत्याला बघून कुजबुजल्या. ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. जाऊने त्यांना उत्तर दिलं नाही. तिने आत्याला आणून मुलीशेजारी बसवलं आणि पहिली हळद तिच्याकडून लावून घेतली. आत्याला चिमूट धरता येईना, म्हणून तिने बोटांची पाठ हळदीत टेकवली आणि मुलीच्या गालांवरून फिरवली. मुलगी माझ्याच वयाची. तिला काय सांगितलेलं होतं आणि काय नव्हतं मला माहीत नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर आत्या पापडीला जायला लागली. कधी चार दिवस, कधी पंधरा. मुलगी सासरी गेल्यावर जाऊ एकटीच होती. मी आत्याला सोडायला जायचे तेव्हा दोघी पडवीत बसलेल्या दिसायच्या, फारशा बोलत नसायच्या. जाऊ तिचे केस विंचरायची, नखं काढायची. मी एकदा आत्याला विचारलं की तुझ्या मनातलं ते गेलं का. ती म्हणाली, "जात नाही गं. पन आता दोघींत आहे."

काही वर्षांनी हिवाळ्यात आत्याच्या छातीत कफ झाला आणि तो उतरला नाही. ती आमच्या घरीच गेली, सकाळच्या वेळी. जाऊला फोन केला, ती तासाभरात आली. बायकांनी आत्याला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. मग एका बाईने तिचे हात छातीवर जोडायला घेतले. बोटं जुळेनात. तिने जरा जोर लावला. मी पुढे होणार होते, पण माझ्या आधी जाऊने त्या बाईचं मनगट धरलं.

"नका ओढू," ती म्हणाली. "तशीच राहू देत."

तिने आत्याचे दोन्ही हात एकमेकांशेजारी छातीवर ठेवले, जसे होते तसे, आणि लुगड्याचा पदर त्यांच्यावर नीट केला.